ठिबक संच, टायमर आणि गाळणीवरचा स्टिकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात आमच्या सामुदायिक बागेतील शेवटच्या दोन वाफ्यांमधली टोमॅटोची रोपे सकाळीच माना टाकून उभी दिसली. टाकी भरलेली होती, टायमर वेळेवर चालू होत होता आणि पहिल्या वाफ्यातील माती नेहमीसारखी ओली होती, त्यामुळे दोष कुठे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी ठिबक संचाची गाळणी उघडली, तेव्हा जाळीवर बोटभर जाडीचा हिरवा लगदा बसलेला होता. या गाळणीचे भांडे पारदर्शक असते ते आत साचलेली घाण बाहेरूनच दिसावी म्हणून. आमच्या गाळणीवर मात्र नेमक्या त्याच जागी, भांड्याला पूर्ण वेढा घालून, देणगीदार व्यवसायाच्या नावाचा ‘सप्रेम भेट’ असा स्टिकर लावलेला होता. हा अनुभव लिहायला बसण्याचे तात्कालिक कारण हा स्टिकर आहे, हे आधीच कबूल करते.

आमच्या संचात 16 मिमीची लॅटरल, म्हणजे वाफ्यांतून जाणारी नळी, तिच्यावर थेंब-थेंब पाणी सोडणारे तासाला 4 लिटरचे ड्रिपर आणि 120 मेशची, म्हणजे इंचाला 120 छिद्रांच्या जाळीची गाळणी आहे. बागेजवळच्या एका हार्डवेअर व्यावसायिकाने हे सारे साहित्य टायमरसह भेट दिले आणि त्यांच्याच दोन कामगारांनी एका दिवसात ते बसवूनही दिले. बागेतील भाजी एका अन्नदान संस्थेच्या स्वयंपाकघरात जाते. तिथला दिवस ठरलेला असतो, मात्र आमच्या स्वयंसेवकांची सवड कधीच ठरलेली नसते. पूर्वी दोघेजण झाऱ्या घेऊन दीड तास पाणी घालत, आणि ज्या दिवशी कोणी आले नाही त्या दिवशी पाणीच नसे. अशा उपास-पारण्यात वाढलेल्या टोमॅटोंच्या बुडाशी काळे, खोलगट डाग पडत, कारण मातीत कॅल्शियम असले तरी पाणी अनियमित मिळाल्यास ते फळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. स्वयंपाकघरातून असे टोमॅटो टोपलीच्या टोपलीने परत येत. ठिबक सुरू झाल्यानंतर धरलेल्या फळांमध्ये हा डाग जवळजवळ दिसलाच नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी या भेटीचे मोल मोठे मानते.

पहिले दोन महिने मात्र मी याच संचाविषयी फार कडवटपणे बोलत होते. टायमर उघडण्याची वेळ झाली की ‘टक्’ असा आवाज येई, पण पाणी कधी येई, कधी नुसते पाझरे, आणि एकदा तर टायमरमधला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंदच न झाल्याने रात्रभरात टाकी रिकामी झाली. तक्रार घेऊन टायमर बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेले, तर त्यांनी बिल मागितले. बिल होते देणगीदाराच्या नावावर. आम्ही त्यांच्या दृष्टीने ग्राहकच नव्हतो. देणगीदाराच्या दुकानातील गृहस्थ म्हणाले, “ताई, वस्तू तुम्हाला दिली आहे, आता तक्रार तुम्हीच करायची.” वर्षाची वॉरंटी असलेली वस्तू अशा रीतीने दोन्हीकडून बेवारस झाली. कोणत्याही संस्थेला उपकरण भेट मिळत असेल, तर हार-तुरे स्वीकारण्यापूर्वी बिलाची प्रत आणि वॉरंटी कार्ड मागून घ्यावे, आणि त्यात संकोच मानू नये. मी संकोच केला आणि तीन खेपा व्यर्थ घातल्या.

चौथ्या खेपेला दुकानाचे मालक स्वतः भेटले आणि तिथून माझे मत बदलू लागले. त्यांनी वाद न घालता टाकी किती उंचीवर आहे एवढेच विचारले. टाकी दोन मीटर उंचीच्या चौथऱ्यावर आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे जेमतेम 0.2 बार दाब होता. आमच्या टायमरमध्ये होता तशा, विद्युतचुंबकाच्या आणि आतल्या रबरी पडद्यावर चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला नीट उघडमीट करण्यासाठी सहसा अर्धा बार तरी दाब लागतो. टायमर बिघडलेला नव्हता, तो आमच्या टाकीसाठी नव्हताच. मालकांनी तो परत घेऊन त्याऐवजी मोटरवर फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा टायमर दिला, जो नुसत्या टाकीच्या दाबावरही चालतो, आणि या वेळी बिल बागेच्या नावाने फाडले. त्यानंतर एकदाही पाणी अडले नाही, अर्थात गेल्या आठवड्यापर्यंत.

कमी दाबाचा दुसरा परिणाम मात्र कोणी सांगितला नव्हता. ड्रिपरखाली भांडे ठेवून मोजले, तेव्हा दहा मिनिटांत सुमारे 300 मिलिलिटर पाणी जमले, म्हणजे तासाला 4 लिटर लिहिलेला ड्रिपर प्रत्यक्षात दोन लिटरही देत नव्हता. ड्रिपरवरचा आकडा 1 बार दाबाचा असतो. आम्ही पाण्याची वेळ दुपटीहून थोडी अधिक केली आणि प्रश्न मिटला. बॅटरीबाबतची चूक पूर्णपणे माझी होती. काटकसर म्हणून मी घरातल्या रिचार्जेबल बॅटऱ्या घातल्या. त्यांचा व्होल्टेज 1.5 ऐवजी 1.2 असल्याने टायमर चौथ्या दिवसापासूनच बॅटरी संपल्याची खूण दाखवू लागला. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या घातल्यापासून त्या अजून बदललेल्या नाहीत.

आता पुन्हा स्टिकर. एवढ्या कमी दाबावर गाळणी थोडी जरी तुंबली तरी सर्वांत आधी शेवटचे वाफे कोरडे पडतात, आणि म्हणूनच ते भांडे रोज येता-जाता दिसणे आवश्यक आहे. नाव लावायला टाकी होती, फाटक होते, चौथरा होता. या साऱ्या संचात जिथून आतले दिसायला हवे अशी एकच जागा होती आणि तीच निवडली गेली. माझ्या चिडण्याने कामाला लागलेल्या एका स्वयंसेवकाने उत्साहाच्या भरात स्टिकरचा डिंक थिनरने पुसला. भांड्याच्या पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकला थिनर चालत नाही; भांडे जागच्या जागी दुधी झाले आणि त्यावर बारीक तडे गेले. स्टिकर गेला, तरी आतले काही दिसेना ते दिसेनाच.

अवघडत मालकांना हे सारे सांगितले. ते हसले, आणि दोन दिवसांनी नवे भांडे विनामूल्य पाठवले, सोबत वेगळ्या पाकिटात नवा, पहिल्यापेक्षा मोठा स्टिकर. आमची टाकी पांढरट प्लास्टिकची असल्याने उजेड आत जातो आणि शेवाळ तिथेच धरते, म्हणून तो स्टिकर मी टाकीच्या उन्हाकडच्या बाजूला लावला आहे. उरलेल्या बाजूंसाठी त्यांच्याकडे आणखी दहा-बारा स्टिकर मागितले आहेत.