साडेबारा इंची चौरस पट्टी : लहानमोठे ब्लॉक जुळवताना आलेला अनुभव

पुतणीच्या लग्नासाठी घरातल्या सगळ्या बायकांनी मिळून क्विल्ट शिवायचं ठरलं. नागपूरच्या आत्या, ठाण्याच्या वहिनी, धाकटी जाऊ, प्रत्येकीने आपापल्या मशीनवर नऊ घरांच्या (तीन ओळी, ओळीत तीन घरं) चांदणीचे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, केले आणि जोडकाम माझ्याकडे आलं. कच्चा ब्लॉक साडेबारा इंच भरायला हवा; चारही कडांचं पाव-पाव इंच मार्जिन शिवणीत गेलं की बारा उरतो. हातात आले ते कुठे बारा इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर कुठे बारा इंच पाच सूत. तेव्हा ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चौरस मोजपट्टी घेतली. दिवाळीपासून ती रोजच्या वापरात आहे.

पट्टीचा खरा उपयोग कापण्याआधी आहे. ब्लॉकवर ठेवली की तो कुठे आणि किती चुकलाय ते लगेच दिसतं. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेने दोन शिवणी येतात. शिवण अर्धं सूत जास्त आत गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जातं, दोन शिवणींत पाव इंच. मशीनच्या फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) रुंदी घरोघरी वेगळी, त्यामुळे सगळ्यांनी नीट शिवूनही एवढा फरक पडतोच. आणखी एक कारण इस्त्रीचं. त्रिकोणांची लांब बाजू उरेबात (कापडाच्या तिरक्या दिशेत) येते आणि इस्त्री रेटत फिरवली की ती ताणली जाते. म्हणून मी आधी खळ फवारून इस्त्री नुसती दाबून उचलते, आणि मगच मोजते. काही ब्लॉक एवढ्यानेच जागेवर आले.

मोठे ब्लॉक कापताना पट्टीवरची तिरकी रेघ कोपऱ्यातल्या त्रिकोणाच्या शिवणीवर बसवायची आणि जादा कापड चारही बाजूंनी सारखं काढायचं. एकाच बाजूने कापलं तर चांदणी सरकते. टोकं कडेपासून पाव इंच आत राहायलाच हवीत, नाहीतर जोडताना ती शिवणीत गडप होतात. याच कारणासाठी सगळे ब्लॉक सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाने कापणं मला अजिबात पटत नाही. आत्यांच्या चांदण्यांची टोकं इतकी अणकुचीदार आली होती की त्यांना कात्री लावणं जिवावर आलं.

शेजारच्या दोन ब्लॉकमध्ये सूतभरच फरक असेल तर मी काही कापत नाही. मोठा ब्लॉक खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवते, दोन्ही टोकांना आणि मध्ये टाचण्या लावते. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात आणि फरक चुणी न पडता जिरतो. त्याहून जास्त फरकाला हे करू नका, झोळ येतो.

शेवटी मी सगळ्याच ब्लॉकना दीड इंची कापडी पट्ट्यांची चौकट लावली आणि ते चौदा इंचांवर सारखे केले. सर्वांत लहान ब्लॉकही शिवणीतलं मार्जिन वजा जाऊन चौकटीनंतर चौदा इंच एक सूत भरला. गडद निळ्या चौकटीत कुठली पट्टी बारीक, कुठली जाड, हे शोधूनही सापडत नाही. आपल्या गोधडीत ही अडचणच नसते. तिथे तुकडा कड दुमडून थेट खालच्या थरावर बसवतात, त्यामुळे मापाला मोकळीक राहते.

चौकट लागली की साडेबाराची पट्टी मात्र अपुरी पडते. चौदा इंच कापायला चोवीस इंची लांब पट्टी जोडीला लावावी लागते आणि सांध्यावर ती हलते. बारा इंची ब्लॉक करणार असाल तर थेट पंधरा इंची चौरसच घ्या. कापडावर ही पट्टी घसरतेही. खालून चारही कोपऱ्यांना बारीक पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवल्यापासून पकड चांगली आहे. पाव इंचाच्या रेघा अजून ठसठशीत आहेत, सुताच्या मात्र कोपऱ्यात पुसट व्हायला लागल्यात. आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवू नका, गरम लागलं की अ‍ॅक्रिलिक वाकतं.