मार्सेय की आँतीब? एकच संग्रहालय बघायचं असेल तर

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवसच हातात असतील आणि तिथला ग्रीक काळ बघायचा असेल, तर बहुतेकांची निवड या दोन गावांत अडकते. गावं तशी एकाच घरातली. आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाइया बंदरातून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. ६००च्या सुमारास मस्सालिया वसवलं. मस्सालियाच्या लोकांनी पुढे अँटिपोलिस वसवलं. पहिलं म्हणजे मार्सेय, दुसरं आँतीब.

मार्सेय म्हटलं की आपल्याला १९१०ची सावरकरांची उडी आठवते. इथलं इतिहास संग्रहालय त्या बंदराच्या अडीच हजार वर्षांमागे नेतं. १९६७ मध्ये व्यापारी संकुलासाठी खणताना प्राचीन बंदराचे आणि तटबंदीचे अवशेष लागले. ते आजही उघड्यावर दिसतात, आणि शेजारी संग्रहालयात बोटी आहेत. १९७४ मध्ये सापडलेलं रोमन मालवाहू जहाज भव्य आहे, पण मी रेंगाळलो तो इ.स.पू. सहाव्या शतकातल्या ग्रीक होडीपाशी. तिच्या फळ्या दोऱ्याने शिवलेल्या आहेत. दोरा ओवायला फळीच्या कडेने ओळीने बारीक त्रिकोणी खाचा पाडल्या आहेत. वाकून बघा, सुताराचा हात कळतो. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज ज्यांनी पाहिलंय, त्यांना तर ही होडी ओळखीचीच वाटेल.

आँतीबचं पुरातत्त्व संग्रहालय अगदी लहान, समुद्राकाठच्या सतराव्या शतकातल्या बुरुजात, कमानदार छताखाली. मद्य-तेलाचे मातीचे कुंभ आहेत, तासाभरात सगळं बघून होतं. पण इथले दोन दगड मला मार्सेयच्या सगळ्या मांडणीपेक्षा जवळचे वाटतात. एक लांबट काळा गोटा, इ.स.पू. पाचव्या शतकातला. त्यावर ग्रीक अक्षरांत तो स्वतःच बोलतो: मी तेर्पोन, देवी अफ्रोदितीचा सेवक, ज्यांनी मला इथे बसवलं त्यांच्यावर तिची कृपा होवो. गोट्यात देव बघायची सवय असलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा सेप्टेन्ट्रिओ नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचा रोमन स्मृतिशिला. लॅटिनमध्ये एवढंच: अँटिपोलिसच्या रंगमंचावर तो दोन दिवस नाचला आणि लोकांना आवडला. तो कशाने गेला, त्याचे आईबाप कोण, काही नाही. त्या ओळीपुढून पाय निघत नाही.

मुलं बरोबर असतील, ग्रीक-रोमन काळाची ही पहिलीच ओळख असेल, तर मार्सेयच घ्या आणि अर्धा दिवस ठेवा; शहर कसं वाढलं ते तिथे नीट उलगडतं. पण मुक्काम नीसला असेल तर मार्सेयसाठी रेल्वेने अडीच तास घालवू नका. आँतीब अर्ध्या तासावर आहे. आधी त्या नाचऱ्या मुलाचा दगड शोधा, बाकीचं नंतर.