न्यू जर्सीतलं लस-चाचणी केंद्र: माणसं चांगली, वेळापत्रक कुणासाठी?

फ्लूच्या एका नव्या लशीच्या चाचणीत मी भाग घेतला, त्या केंद्राबद्दल लिहितेय. तक्रारी आहेत म्हणून नाव टाकत नाही. पाचपैकी साडेतीन तारे.

संमतीपत्र जाडजूड, पण कोऑर्डिनेटर बाई पानापानावर थांबल्या. ‘कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल’ या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली. वेटिंग रूममध्ये एका कृष्णवर्णीय काकूंनी टस्कीगीचा विषय काढला. अलाबामात १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. बाईंनी ‘ते जुनं झालं हो’ म्हणून विषय झटकला नाही. खाली बसून, नैतिकता समितीचा फोन नंबर कुठल्या पानावर आहे तो दाखवला. अर्धा तारा खास त्यासाठी.

टोचणंही नीट. नवी लस की जुनी हे कळू नये म्हणून सिरिंजभोवती पट्टी गुंडाळलेली. टोचणारी नर्स वेगळी, नंतर तपासणारी वेगळी. दंडावरची लाली मोजायला प्लास्टिकची पट्टी देतात, रोज संध्याकाळी आकडा फोनमधल्या डायरीत टाकायचा. विसरलात तर फोन पिच्छा सोडत नाही.

आता रडगाणं. भिंतीवर सगळ्या वर्णांचे हसरे चेहरे, आणि वेळ सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार! त्या काकू वृद्धांच्या घरी मदतनीस म्हणून तासावर काम करतात. त्यांचा अर्धा दिवस बुडाला, मोबदला मात्र कार्डावर सावकाश जमा होणार. असल्या वेळापत्रकात कोण येणार? माझ्यासारखे, घरून लॅपटॉपवर काम करणारे. मग म्हणायचं, ‘या समाजांचा विश्वासच नाही.’ शनिवारी दार उघडून बघा की आधी!

सासूबाईंनाही यायचं होतं, पण कागद फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. घरच्यांनी दुभाषा व्हायचं नाही हा केंद्राचा नियम, आणि तो मला पटतो. सून काय, ‘काही होत नाही हो आई, करा सही’ म्हणून मोकळी होईल. पण मग दुभाषा द्या ना! तो नाही, म्हणून सासूबाई बाद.

फॉर्मवर आधी ‘हिस्पॅनिक (म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले) आहात का’, मग वंश. आम्ही, चिनी आणि फिलिपिनो, सगळे ‘एशियन’ या एकाच चौकटीत. निकालात आपल्या लोकांचं काय झालं हे त्यातून कसं कळावं?

मनावर घेतलं तर जमतं, हेही खरं. मॉडर्नाने सप्टेंबर २०२० मध्ये कोविड लशीच्या चाचणीची भरती मुद्दाम थोडी मंदावली, अल्पसंख्याक वाढावेत म्हणून. शेवटी तीस हजारांवर स्वयंसेवकांत साधारण १० टक्के कृष्णवर्णीय आणि २० टक्के हिस्पॅनिक होते. आशियाई मात्र पाच टक्क्यांच्याही आतच.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, नंतर खोळंबा होतो. गाडीभाड्याचे पैसे मिळतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.