उतारावरच्या द्राक्षबागेत ताग: जूनपासून आतापर्यंतचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातली आमची बाग उतारावर आहे. खाली मुरूम, वर जेमतेम हातभर माती. जुलैत जोराचा पाऊस झाला की बोदाची, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्याची, माती वाहून खालच्या बांधाला जाऊन बसायची आणि वरच्या ओळींची मुळं उघडी पडायची. म्हणून यंदा पहिल्या पावसावर वेलींच्या दोन ओळींमधल्या गल्ल्यांपैकी एक आड एक गल्लीत ताग हे हिरवळीच्या खताचं पीक पेरलं. सगळ्या गल्ल्या भरल्या नाहीत, कारण औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा ट्रॅक्टर फिरायला वाट लागते, आणि पावसाळ्यात हवा खेळती नसली की डाउनी, म्हणजे वेलीचा केवडा रोग, आलाच.

बियाणं एकरी 20 ते 25 किलो सांगतात. उतारावर ते दाटच पडू द्यावं. खोडं बारीक राहतात आणि जमीन लवकर झाकते. महिन्याभरात ताग कमरेला लागला. तोवर गल्लीच्या टोकाला येणारं पाणी बरंच निवळ झालं होतं. एक झाड हलकेच उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी. नखाने फोडली की आतून गुलाबी. गाठ अशी निघाली म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र धरताहेत असं समजा.

कापणी फुलं लागता लागता, साधारण 45 ते 50 दिवसांनी. पिवळा फुलोरा फार देखणा असतो, तरी थांबू नका. पुढे खोडात वाख, म्हणजे चिवट धागा, धरतो, तो ग्रास कटरला गुंडाळतो, आणि निबर खोड कुजताना मातीतलंच नत्र खातं.

ताग रोटाव्हेटरने गाडा, असं सगळेच सांगतात. सपाट रानात ते ठीक. उतारावर ऐन ऑगस्टच्या पावसात माती भुसभुशीत करणं मला अजिबात पटत नाही. आम्ही मुळं जागेवर ठेवली आणि कापलेला पाला बोदावर अंथरला. वेलीची काडी (फळं धरणारी फांदी) पक्व होताना नत्र एकदम मिळालं तर शेंडा पळतो, म्हणजे नुसती वाढ होत राहते. वर अंथरलेला पाला सावकाश कुजतो, तेही बरंच.

त्रास झाला तो अळीचा. पानं चाळणीसारखी झाली, पण कापून अंथरायचंच पीक म्हणून फवारलं नाही. एका पिशवीतलं बियाणं मात्र निम्मंही उगवलं नाही. पेरण्याआधी ओल्या गोणपाटात उगवण तपासून घ्या.

ऑक्टोबर छाटणीला आच्छादन सारलं तर खाली ओल, गांडुळं आणि वेलीची बोटभर नवी पांढरी मुळी. खताची मात्रा लगेच कमी केलेली नाही. एका पावसाळ्यात सेंद्रिय कर्ब वाढत नाही. येत्या जूनमध्ये मोकळ्या ठेवलेल्या गल्ल्यांत पेरणार आहे, आणि खालच्या बांधावर गिरिपुष्प, हिरवळीच्या पाल्याचं झाड.