गृहीतकांची रविवारची बॅच लावली होती, पाचपैकी साडेतीन स्टार

मागच्या वर्षी सीसॅटला, म्हणजे यूपीएससी पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, माझे ६६ पण झाले नाहीत. ८० प्रश्न, २०० मार्क, नुसते ३३ टक्के काढायचे तरी पेपर गेला, आणि घरी येऊन बघितलं तर गृहीतकाचेच (विधानात न बोलता काय धरलंय ते ओळखायचे) प्रश्न जास्त चुकलेले, एक चुकला की अडीच तर जातातच वर ०.८३ कापतात. म्हणून यंदा सोलापुरात सात रस्त्याजवळ एक बॅच लावली, सहा रविवार. क्लासचं नाव टाकत नाही, का ते खाली कळेल.

सर शिकवतात मात्र एक नंबर. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, "स्टँडवर शेंगा चटणीची जाहिरात डिसेंबरात लावली, जानेवारीत विक्री वाढली, म्हणजे जाहिरातीमुळेच वाढली." यात न बोलता काय धरून चाललोय? मी छातीठोकपणे सांगितलं, स्टँडवरचे सगळे लोक चटणी खातात. सर म्हणाले, "उलटं करून बघ की बे." मी केलं, कोणीच खात नाही. तिथंच फसलो! "सगळे खातात"चं उलट "काही जण खात नाहीत" एवढंच, आणि काही जणांनी नाही खाल्ली तरी विक्री वाढू शकते, म्हणजे ते गृहीतक नाहीच. मग दुसरा पर्याय, विक्री वाढायला दुसरं कारण नव्हतं. हे उलटं केलं की, दुसरं कारण होतं, जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते ना राव, गावात एवढी गर्दी, झालं, "जाहिरातीमुळेच" खाली बसलं. पर्याय उलटा केल्यावर मुद्दा पडतो ते गृहीतक, नुसतं खरं वाटतं ते नाही. दोन वर्षं मी खरं वाटेल त्याला टिक करत होतो.

अनुमान आणि गृहीतकातला घोळ पण सुटला, एक विधानातून पुढं निघतं, दुसऱ्यावर विधान उभं असतं. बँकेच्या परीक्षेच्या टाइपचे प्रश्न मात्र एका तासात उरकले, "सूचना लावली म्हणजे लोक वाचतील हे धरलंय" एवढंच, तिथं अजून सराव पाहिजे होता.

आता तक्रार. पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात, आमच्याकडचे इतके जण पास. मी सवयीनं उलटं केलं, हे लोक क्लास न लावता पण पास झाले असते तर? आणि एकूण बसले किती होते? काउंटरवर विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ॲडमिशन घेतलीय ना तुम्ही, मग?" आणि सहावा रविवार सरांच्या घरी लग्न म्हणून रद्द झाला, बदली लेक्चर पण नाही आणि पैसे पण नाहीत, पावतीवर बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे.

लावायचीच असेल तर सकाळची बॅच घ्या. वर पत्रा आहे, एप्रिलमध्ये दुपारी दोनला तिथं स्वतःचं नाव आठवत नाही.