पाचपट मांजर, पाचपट थरथर

शाळेत त्रिकोणांच्या समरूपतेच्या ‘कोको’ (कोन-कोन), ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू) या कसोट्या मी मंत्रासारख्या घोकल्या. गणितं सुटायची, पण समरूप म्हणजे नेमकं काय, हे विचारायची वेळ कधी आली नाही. भाचीने विचारलं आणि माझं पितळ उघडं पडलं. म्हणून हा लाकडी पँटोग्राफ, म्हणजे चित्र ठरावीक पटीत मोठं किंवा लहान करून उतरवणारं साधन, मागवला.

चार पट्ट्या, थोडे स्क्रू, एक टोकदार काडी, एक पेन्सिल आणि टेबलाला चिकटणारा रबरी पाया. एवढंच. काडी मूळ चित्रावरून फिरवायची, पेन्सिल मोठं चित्र काढते. क्रिस्टोफ शाइनरने 1603 साली बनवलेल्या यंत्राची रचना आजही तीच आहे.

सोबतच्या कागदावर नुसती एक आकृती. पट्ट्यांवरच्या भोकांवर किती पट ते लिहिलेलं असतं; मी एक स्क्रू 2च्या भोकात आणि समोरचा 3च्या भोकात बसवला. भाचीसाठी गिरवलेलं मांजर एका अंगाला ओढल्यासारखं आलं. खरं तर याच चुकीने मला शिकवलं. मधल्या चार सांध्यांचा समांतरभुज चौकोन झाला, तरच पट्ट्या समांतर राहतात. मग रोवलेल्या टोकापाशी एक छोटा त्रिकोण आणि त्याला पोटात घेणारा मोठा त्रिकोण दिसतो: दोन बाजू एकाच प्रमाणात, मधला कोन तोच. म्हणजे आपला बाकोबा! पट्ट्या कशाही उघडा-मिटा, पाया, काडी आणि पेन्सिल एका रेषेतून हलत नाहीत. डायलेशन म्हणतात ते हेच: केंद्रापासून प्रत्येक बिंदूचं अंतर ठरावीक पटीत वाढवायचं. भाचीने दोन्ही कानांचे कोन मापले, तसूभर फरक नाही. तिप्पट मांजर रंगवायला बसली तेव्हा मात्र कुरकुरली, कारण जागा नऊपट झाली होती.

काडी आणि पेन्सिलीची अदलाबदल केली की चित्र लहान होतं. 2 पटीच्या जोडणीत पाया मधे घेतला, तर तेवढंच मांजर डोक्यावर उभं! ऋण गुणक (उणे पट, म्हणजे केंद्राच्या पलीकडे उलटं चित्र) समजवायला याहून सोपं मला काही सापडलेलं नाही.

आता तक्रार. रबरी पाया घसरतो. 5 पटीला तो 1 मिमी सरकला की पुढची रेघ उलट्या दिशेला 4 मिमी जाते. हाताची थरथरही पाचपट उमटते, त्यामुळे मिशा काढायचा नाद सोडला. सांधे सैल आहेत, दर दोन चित्रांनंतर स्क्रू आवळावे लागतात. 3 पटीपर्यंत मजेत चालतं, त्यापुढे नको. पेन्सिल मात्र स्वतःची लावा. सोबतची पहिल्याच कानाशी मोडली.