डायरेक्ट प्रायमरी केअर क्लिनिक : साडेचार स्टार, उरलेला अर्धा सरकारने खाल्ला

मेंबरशिप घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथे थांबले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिल भागातल्या आपल्या लोकांत दर नोव्हेंबरला ओपन एन्रोलमेंट (इन्शुरन्सचा प्लॅन निवडायचा काळ) आली की तोच प्रश्न फिरतो, कुठला प्लॅन घेतलास, डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) किती, आमचे पीसीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, इन्शुरन्सच्या नेटवर्कमधून गेले आता काय करू. आणि मी दरवेळी एकच उत्तर देते की साध्या ताप-खोकल्याला आणि बीपीच्या गोळीला इन्शुरन्स कशाला मधे आणताय?

तर हे क्लिनिक इन्शुरन्स घेतच नाही. कुठलाच नाही. मोठ्या माणसाला महिन्याला ८० डॉलरच्या आसपास फी, मुलांना बरीच कमी, आणि त्यात डॉक्टरला भेटायला कितीही वेळा जा. कोपे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) नाही, प्रायर ऑथोरायझेशन (इन्शुरन्सची आधी घ्यायची परवानगी) नाही, आणि ते पोस्टाने येणारं पत्र ज्यावर मोठ्या अक्षरात 'धिस इज नॉट अ बिल' लिहिलेलं असतं आणि तरी ते बघून छातीत धस्स होतं, तेही नाही. जिम लावल्यासारखं आहे, नको असेल तर पुढच्या महिन्यापासून बंद करा.

डॉक्टरीणबाई आधी एका मोठ्या हॉस्पिटल सिस्टमच्या नोकरीत होत्या. तिकडे साधारण एका डॉक्टरच्या नावावर दोन हजारच्या आसपास पेशंट असतात, त्यामुळे पंधरा मिनिटांत आत, बाहेर, आणि त्यातली निम्मी स्क्रीनकडे बघून टायपिंग करण्यात. इथे पेशंट सहाशेच्या आसपास ठेवलेत आणि बिलिंगला माणूसच नाही, कारण बिलिंगच नाही! एक नर्स आहे, तीच फोन उचलते, तीच रक्त काढते. फोन केला की माणूस बोलतो, इंग्रजीसाठी एक दाबा वगैरे नाही. अपॉइंटमेंट त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि अर्धा-पाऊण तास बसून बोलतात. मुलाच्या अंगावर पुरळ आलं तर फोटो टेक्स्ट केला, संध्याकाळी उत्तर आलं, जायची गरजच पडली नाही. साध्या फी-फॉर-सर्व्हिस (दर तपासणीमागे बिल लावणाऱ्या) दवाखान्यात डॉक्टर असं का करत नाहीत? कारण टेक्स्टला उत्तर दिल्याचे इन्शुरन्सकडून फारसे पैसे मिळत नाहीत, पेशंटला समोर बोलावलं तर मिळतात. डॉक्टर वाईट नाहीत हो, त्यांना पैसे ज्या पद्धतीने मिळतात ती पद्धत वाईट आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काउंटरजवळ लावलेला छापील कागद. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, शुगरची तीन महिन्यांची टेस्ट, प्रत्येकासमोर किंमत लिहिलेली, आणि बहुतेक किमती अशा की आपण चहा-कॉफीवर जास्त घालवतो. जेनेरिक गोळ्या त्या स्वतः होलसेलमध्ये मागवून जवळपास त्याच भावात देतात. आधीच्या ठिकाणी (नाव घेत नाही) मी हेच विचारलं होतं की या ब्लड टेस्टला किती पडतील, तर समोरच्या मुलीने असं बघितलं की मी तिचा पगार विचारला. "तुमच्या इन्शुरन्सवर आहे." बरं, इन्शुरन्सवाल्यांना विचारलं तर म्हणाले प्रोव्हायडर, म्हणजे दवाखाना, बिलात कुठला कोड लावतो त्यावर आहे. नंतर बिलात फॅसिलिटी फी पण निघाली, म्हणजे त्या बिल्डिंगवर हॉस्पिटलची पाटी असल्याचे पैसे.

आता न आवडलेलं, किंवा खरं म्हणजे काय मिळत नाही ते. ही मेंबरशिप म्हणजे इन्शुरन्स नव्हे. ऑपरेशन, बाळंतपण, कॅन्सर, इमर्जन्सी रूम यातलं काहीही यात नाही, त्यामुळे मोठ्या खर्चासाठी हाय डिडक्टिबलवाला प्लॅन वेगळा ठेवायलाच हवा, नुसतं हे घेऊन बसू नका. शनिवार-रविवारी डॉक्टर फोनवर असतात पण क्लिनिक बंद. सुट्टीवर गेल्या की बदली डॉक्टर येतात, ते ठीकठाक आहेत. आणि ज्यांच्या कंपनीचा प्लॅन खरंच भारी आहे त्यांना दोन्हीकडे पैसे भरणं जिवावर येईल हेही समजू शकते. स्वतःचा धंदा असलेले, नोकरी बदलताना मधे लटकलेले, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा आलेत असे, यांच्यासाठी मात्र एकदम फिट. माझ्या सासऱ्यांची बीपीची गोळी इथे डॉक्टरीणबाईंनी सहज अ‍ॅडजस्ट करून दिली, व्हिजिटर इन्शुरन्स पॉलिसीत प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीपासूनचा आजार, म्हटलं की सगळे हात वर करतात ते तुम्हाला माहीतच आहे.

मग अर्धा स्टार कुठे गेला? तो क्लिनिकचा दोष नाहीच. एवढी सरळ गोष्ट या देशात चालवायला डॉक्टरला किती वळसे घालावे लागतात, त्यासाठी कापलाय, आणि इथून पुढचं थोडं राजकारण आहे, नको असेल तर वाचू नका.

मुळात डॉक्टरचं बिल कंपनीच्या इन्शुरन्समधून जायचं हे कुणी ठरवून, विचार करून केलेलं नाहीये. १९४२ मध्ये युद्धाच्या काळात सरकारने पगारवाढ गोठवली, पण हेल्थ इन्शुरन्ससारख्या सवलती त्यातून सोडल्या, म्हणून कंपन्यांनी माणसं खेचायला पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या टॅक्स कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं, की कंपनीने भरलेला प्रीमियम करमुक्त. तोच पैसा हातात पगार म्हणून घेऊन डॉक्टरला दिलात तर टॅक्स. म्हणजे आज नोकरी गेली की डॉक्टर पण जातो याचं मूळ ऐंशी वर्षांपूर्वीच्या सरकारी हुकमात आहे. १९६५ मध्ये मेडिकेअर (६५ च्या वरच्यांसाठी सरकारी इन्शुरन्स) आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा) आलं, आणि मेडिकेअरचे दर कोण ठरवणार तर वॉशिंग्टन. मग २०१० चा ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला हेल्थ इन्शुरन्सचा कायदा. त्यात एक नियम आहे की इन्शुरन्स कंपनीने प्रीमियममधले कमीत कमी ८० टक्के, मोठ्या ग्रुपला ८५ टक्के, उपचारांवर खर्च करायचे. ऐकायला छान ना? पण डोकं चालवा, स्वतःचा ऑफिसचा खर्च आणि नफा दोन्हीला मिळून वीसच टक्के ठेवता येत असतील तर कंपनीला १०० डॉलरचे वीस टक्के आवडतील की २०० चे? उपचार स्वस्त व्हावेत असं कुणाला वाटेल मग.

त्याच कायद्याने डॉक्टरांच्या मालकीच्या नवीन हॉस्पिटलांना मेडिकेअरचे पैसे बंद केले आणि जुन्यांना वाढायला जवळजवळ मनाई केली. डॉक्टरने हॉस्पिटल काढायचं नाही! मोठ्या हॉस्पिटल सिस्टमनी टाळ्या वाजवल्या असणार. आणि ज्या सरकारने हे सगळं नीट चालवून दाखवतो म्हटलं त्याची इन्शुरन्स घ्यायची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी ती वापरणाऱ्या छत्तीस राज्यांतून सहा जणांचं एन्रोलमेंट झालं. सहा. नंतर सुधारली, मान्य.

आमच्या डॉक्टरीणबाईंचीच गोष्ट घ्या. ६५ च्या वरच्या पेशंटकडून महिन्याची फी घ्यायची तर त्यांना मेडिकेअरमधून लेखी ऑप्ट-आउट करावं, म्हणजे बाहेर पडावं लागलं, तेही दोन वर्षांसाठी, पहिल्या वेळचे सुरुवातीचे ९० दिवस सोडले तर मधेच मन बदललं तरी परत जाता येत नाही. म्हणजे आजोबा स्वतःच्या खिशातून स्वतःच्या डॉक्टरला पैसे देणार, आणि त्यासाठी डॉक्टरने सरकारला अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. एचएसए अकाउंटचं (हाय डिडक्टिबल प्लॅनसोबत मिळणारं, औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं) तर विचारूच नका, आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, मते ही मेंबरशिप म्हणजे दुसरं कव्हरेज होतं, त्यामुळे मेंबर असाल तर एचएसएमध्ये पैसे टाकायचा हक्कच धोक्यात होता. ते शेवटी जुलै २०२५ च्या कायद्याने सुटलं, १ जानेवारी २०२६ पासून एकट्याला महिना १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलरपर्यंतची फी चालते, आमची त्यात आरामात बसते. चांगलं झालं, पण सरकारने स्वतःच बांधलेली गाठ स्वतः सोडली याचं किती कौतुक करायचं.

आणि आपल्या नॉर्थ कॅरोलायनात सर्टिफिकेट ऑफ नीड नावाचा प्रकार आहे तो बऱ्याच जणांना माहीतच नाही. नवीन सर्जरी सेंटर, एमआरआय मशीन, हॉस्पिटलच्या खाटा, हे आणायचं असेल तर आधी राज्य सरकार ठरवणार की इथे याची गरज आहे का, आणि शेजारचं मोठं हॉस्पिटल येऊन रीतसर हरकत घेऊ शकतं. उडप्याने हॉटेल काढायच्या आधी समोरच्या उडप्याची परवानगी आणायची असं झालं हे. न्यू बर्नच्या डॉ. जे सिंगलटन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी याविरुद्ध कोर्टात केस केली, त्यांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला हाच कायदा आडवा येत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती केस पुन्हा खालच्या कोर्टात ऐकायला पाठवली. २०२३ मध्ये मेडिकेड वाढवलं त्याच कायद्यात थोडी सूट पण दिलीय, सव्वा लाखाच्या वर वस्ती असलेल्या काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) सर्जरी सेंटरना नोव्हेंबर २०२५ पासून आणि एमआरआयला नोव्हेंबर २०२६ पासून. केरी-मॉरिसव्हिलवाल्या आपल्या वेक काउंटीला फायदा आहे. लहान काउंटीतल्या माणसाने काय घोडं मारलंय? जिथे मशीनं कमी तिथेच परवानगी हवी, वा.

माझा नवरा इथे माझ्याशी सहमत नाही, त्याचं म्हणणं की गरिबाचं काय, ज्याला ८० डॉलरपण जड आहेत त्याचं काय. प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावत नाही. पण गरजूला पैशाची मदत करणं वेगळं आणि सगळ्यांचा दवाखाना सरकारने चालवणं वेगळं. त्याच्या एचएसएमध्ये पैसे टाका, तो जाईल त्याला हव्या त्या डॉक्टरकडे. सरकारने थेट चालवलेली सिस्टम बघायची तर वेटरन्सची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांची बघा, २०१४ मध्ये फिनिक्सला खरी वेटिंग लिस्ट लपवून कागदावर वेळा छान दाखवल्याचं बाहेर आलं आणि त्या खात्याचे मंत्री शिन्सेकींना राजीनामा द्यावा लागला. कॅनडाचं उदाहरण देणाऱ्यांनी २००५ ची क्युबेकची शाउली केस वाचावी, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्याच न्यायाधीशांनी म्हटलंय की रांगेत नंबर मिळणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे. एक सरकारी नियम मात्र मला पटतो, २०२१ पासून हॉस्पिटलांना किमती जाहीर करायला लावल्या तो. पण त्या फायली एवढ्या अगडबंब की साध्या लॅपटॉपवर उघडता उघडत नाहीत, आणि काउंटरजवळच्या त्या एका पानाच्या कागदाचं काम त्या करत नाहीत ते नाहीतच.

म्हणून या मेंबरशिपचा रिव्ह्यू लिहिता लिहिता सांगते, आपल्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला आणि स्टेट सेनेटरला फोन करा. डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणजे इन्शुरन्स नाही असं आपल्या राज्याने २०२० मध्ये कायद्यात लिहिलंय, तीसच्या वर राज्यांत तसं आहे, त्याला हात लावू नका म्हणावं आणि सर्टिफिकेट ऑफ नीड पूर्ण काढा, सगळ्या काउंटींसाठी. वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसमनला दोनच गोष्टी, डॉक्टरांच्या हॉस्पिटलांवरची बंदी उठवा, आणि सगळ्यांना एकाच सरकारी प्लॅनमध्ये कोंबणाऱ्या कुठल्याही बिलाला नाही म्हणा. ग्रीन कार्ड नाही, एच-वन व्हिसावर आहोत, आपलं कोण ऐकणार असं म्हणू नका, तुम्ही त्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता आणि टॅक्स भरता तेवढं पुरतं. फोन उचलणारा स्टाफर पत्ता किंवा झिप कोड विचारतो, तुमचं म्हणणं नोंदवून घेतो, वाद घालत नाही. भाषण देऊ नका, बिलाचा नंबर माहीत असेल तर सांगा, स्वतःचा एक अनुभव सांगा, मी तर ब्लड टेस्टच्या किमतीचा किस्सा सांगितला आणि पलीकडची मुलगी हसली, म्हणाली तिच्याकडेही असंच झालंय.

क्लिनिकचं पार्किंग छोटं आहे, सकाळी दहाच्या आत गेलात तर जागा मिळते. नवीन मेंबर सध्या थोडे थोडेच घेतायत, त्यामुळे नाव आत्ताच देऊन ठेवा, आणि हाय डिडक्टिबल प्लॅनचं आधी बघा, मग हे.